पाइप कापायच्या आधी विचारा

गेल्या अंकात एवढंच छापलं होतं की कॉलेजात गाडी, रोबो नाहीतर हॅकेथॉनचं काही बनवत असाल आणि कुठे अडलं असेल तर लिहा. झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस, त्यातले अर्धे तुटलेल्या बोल्टचे, काही तर इतके हललेले की बोल्ट आहे का शेव ते कळेना. मी नाशिकच्या अंबडला लहानसं युनिट चालवतो, तीन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन वेल्डर, आणि स्पर्धेचा सीझन आला की दारात उभी असलेली पोरं. मी प्रोफेसर नाही, त्यामुळे उत्तरं वर्कशॉपच्या बाजूने आहेत, पेपरात लिहू नका. लांब पत्रं कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न: दादा, आम्ही बाहाला, म्हणजे मातीतून पळणारी गाडी बनवायच्या कॉलेज स्पर्धेला, पहिल्यांदाच उतरतोय. सीनियर म्हणतात रोल केजला (ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा पिंजरा) ४१३० स्टीलचा पाइप घ्या, हलका पडतो. आमचं बजेट कमी आहे. २५.४ मिमीचा १.६५ जाडीचा ४१३० घेतला तर चालेल ना? तो साध्या १०१८ स्टीलपेक्षा मजबूत असतो असं वाचलंय. (सिन्नर)

उत्तर: नाही चालणार, आणि का नाही ते नीट समजून घे कारण दरवर्षी कुठली तरी टीम नेमकी हीच चूक करून बसते आणि मग पाइप भंगारात जातो.

रूलबुकात मुख्य मेंबरसाठी, म्हणजे केजच्या मुख्य पाइपांसाठी, साधा हिशोब दिलाय. बाहेरचा व्यास २५ मिमी, जाडी ३ मिमी आणि कार्बन किमान ०.१८ टक्के असलेला स्टीलचा पाइप, हा झाला मापदंड. दुसरा कुठला पाइप वापरायचा तर त्याची वाकण्याची स्टिफनेस आणि वाकण्याची ताकद दोन्ही या मापदंडाइतकी किंवा जास्त पाहिजे, आणि दोन्हीतलं एक नाही, दोन्ही. आता गंमत अशी आहे की स्टिफनेसमध्ये मटेरियलचा जो आकडा येतो तो, म्हणजे ई, सगळ्या स्टीलला जवळपास सारखाच, २०५ गिगापास्कल. तू ४१३० घे नाहीतर साधं घे, ई तोच. म्हणजे मजबूत स्टील घेतल्याने स्टिफनेस वाढतच नाही, ती फक्त आकाराने वाढते. २५ बाय ३ च्या पाइपचा आय, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध, काढ, १२,७७८ येतो, मिमीचा चौथा घात. तुझ्या २५.४ बाय १.६५ चा काढ, ८,७०० च्या आसपास. नापास! तोच १.६५ जाडीचा पाइप व्यास वाढवून २९.२ चा घेतलास तर १३,६०० होतो, पास. मग ताकद बघ, यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं वाकायला लागतं तो मेगापास्कलमधला आकडा) गुणिले आय भागिले अर्धा व्यास. १०१८ ला यील्ड ३६५ धरतात, त्याने मापदंड येतो ३७३ न्यूटन मीटर. त्या २९.२ वाल्या ४१३० च्या सर्टिफिकेटवर ४३५ यील्ड असेल तर ४०५ येतात, इथेही पास.

वजन बघ आता. २५ बाय ३ चा पाइप मीटरला १.६३ किलो, २९.२ बाय १.६५ चा १.१२. मीटरमागे अर्धा किलो वाचला, मुख्य मेंबर २० मीटर धरले तर १० किलो. पेट्रोल गाडीवाल्या सगळ्या टीमना तेच ठरवून दिलेलं लहान इंजिन आणि त्यात हात घालायला मनाई, तर १० किलो म्हणजे चेष्टा नाही. पण पहिल्याच वर्षी, बजेट नसताना, वेल्डरला पातळ पाइपवर टिग वेल्डिंगचा हात नसताना? मी असतो तर १०१८ घेऊन ते वाचलेले पैसे टायर आणि एक्स्ट्रा टाय रॉडवर (स्टीअरिंगपासून चाकाला जोडणारी दांडी) घातले असते. जड गाडी शेवटपर्यंत पळते, हलकी गाडी भोक पडलेल्या वेल्डसकट उभी राहते.

आणि पाइप घेताना टेस्ट सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, हार्डवेअरवाला "हाच तो, सगळे हाच नेतात" म्हणेल, त्याचं काय जातंय, तपासणीच्या वेळी तो तिथे नसणार. बाकी फिशमाउथसाठी, म्हणजे एक पाइप दुसऱ्यावर बसावा म्हणून तोंडाला द्यायच्या गोल खाचेसाठी, मशीन नसलं तर रडू नका, कॅडमधून तोंडाचा उलगडा एकास एक प्रिंट काढायचा, कागद पाइपला गुंडाळायचा, मार्करने रेघ मारायची, ग्राइंडर आणि कानस. आधी सगळी केज ठिपक्या-ठिपक्याच्या वेल्डने टॅक करायची, कर्ण मोजायचे, मगच फुल वेल्ड, आणि तेही एकदा डाव्या एकदा उजव्या बाजूला, एकाच कोपऱ्यात बसून सगळं वेल्ड मारलं की केज केळ्यासारखी वाकते. त्या वर्षीचं रूलबुक मात्र स्वतः वाच, माझ्या भरवशावर राहू नको, नियम दरवर्षी थोडे हलतात.

प्रश्न: थ्रीडी प्रिंट केलेला इंजिनजवळचा ब्रॅकेट मऊ पडून वाकला. पीएलए होता. जाडी वाढवू का? (नाशिक रोड)

उत्तर: जाडी वाढवून काय होणार, जाड मेणबत्तीही वितळतेच ना. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या बंद कारच्या डॅशबोर्डवर सुद्धा त्याची वाट लागते. पीईटीजी ८० च्या आसपास धरतो, एबीएस १०० च्या पुढे. पण इंजिनजवळ असेल तर २ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून लाव, १५ मिनिटांचं काम आहे. प्रिंटर आहे म्हणून सगळंच प्रिंट करायचं नसतं.

प्रश्न: आमची गाडी डिझाइनमध्ये चांगली गेली, जजनी कौतुक केलं. एन्ड्युरन्सला, म्हणजे गाडी सलग पळवायच्या फेरीत, ४० व्या मिनिटाला टाय रॉडचा बोल्ट तुटला, चाक आडवं. वर्षभराची मेहनत एका बोल्टने घालवली. बोल्ट खराब निघाला का? फोटो पाठवलाय. (इंदिरानगर)

उत्तर: फोटो तीनदा बघितला. बोल्टला शिव्या घालू नका, बोल्ट बिचारा चांगला ८.८ चा आहे, त्याच्या डोक्यावर लिहिलेलं दिसतंय. तुम्ही त्याला लावलाय चुकीचा.

रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा फिरता सांधा) नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो तुकडा) आर्मवर एकाच बाजूने पकडलाय, खाली २० मिमीचे स्पेसर, आणि बोल्ट हवेत लटकल्यासारखा. याला सिंगल शिअर म्हणतात, म्हणजे बोल्ट एकाच जागी कातरला जातो, पण खरं तर तो शिअर राहतच नाही, तो बोल्ट वाकतो. प्रत्येक खड्ड्याला थोडा वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो, लहानपणी वायर तोडायला आपण काय करायचो? तेच. पहिल्या दिवशी नाही तुटत, कॉलेजच्या ग्राउंडवर चार चकरा मारल्या तर नाहीच तुटत, ४० व्या मिनिटाला तुटतो. दोन्ही बाजूंनी कान द्या, रॉड एंड मधे, म्हणजे डबल शिअर. स्पेसर जितके कमी तितकं बरं.

दुसरं, फोटोत तुटलेली जागा आट्यांमध्ये आहे. एम१० बोल्टचा गुळगुळीत भाग असतो साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मिमीचा, आट्यांमध्ये धरायचे ५८ च. आणि आट्याची प्रत्येक खाच म्हणजे भेगेला आमंत्रण. म्हणून फुल थ्रेडचा बोल्ट घ्यायचाच नाही, अर्धा थ्रेडचा घ्यायचा आणि लांबी अशी निवडायची की जोडावर गुळगुळीत भाग येईल, आटे नटाच्या बाजूला. चार लांबींचे बोल्ट मिळतात दुकानात, पोरं जे हाताला लागेल ते घेतात आणि उरलेलं कापतात. नायलॉक नट एकदा काढला की फेका, परत परत लावला की नायलॉन पकड सोडतो, आणि ब्रेक किंवा सायलेन्सरजवळ तर नायलॉक नकोच, तिथे पूर्ण धातूचा लॉक नट. टॉर्क लावून झाला की नट आणि बोल्टवर मिळून पेंटच्या मार्करने एक रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाच रुपयाची युक्ती, ट्रकवाले कधीपासून करतात.

आता जरा कडू. तुम्ही पत्रात लिहिलंय की गाडी इव्हेंटच्या आठ दिवस आधी तयार झाली. मग तुमची टेस्टिंग स्पर्धेतच झाली म्हणायची. बाहाची एन्ड्युरन्स चार तासांची असते, तुमची गाडी त्याआधी सलग चार तास कधी चालली होती? अर्धा तास तरी? ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ ला साउथ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत सुरू झाली, आपल्याकडे २००७ ला पीथमपूरला, आणि तेव्हापासून एन्ड्युरन्सची गोष्ट तीच आहे, मातीत गाडी सोडतात आणि काय गळून पडतं ते बघतात. रेसिंग कार बनवणाऱ्या फॉर्म्युलावाल्यांचंही तेच, अमेरिकेतल्या मूळ फॉर्म्युला एसएईत हजार गुणांत डिझाइनला १५० आणि एकट्या एन्ड्युरन्सला २७५. जजचं कौतुक १५० मधलं होतं.

माझा हिशोब असा आहे, कॉलेजातल्या कोणी मानत नाही तरी सांगतो: स्पर्धेच्या तारखेपासून उलटं मोजा, सहा आठवडे आधी गाडी कशी का असेना मातीत पळाली पाहिजे. रंग नसेल, बॉडी पॅनल नसतील, सीट जुन्या स्कूटरची असेल, चालेल. त्या सहा आठवड्यांत जे तुटेल ते लिहून ठेवा. मी एका टीमची वही बघितली होती, त्यात तारीख, किती मिनिटं पळाली, काय तुटलं, का तुटलं, काय बदललं, एवढंच, आणि ती वही त्यांच्या रंगीत डिझाइन रिपोर्टपेक्षा मला जास्त वाचनीय वाटली. व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसनने पिशवी नसलेला क्लीनर जमेपर्यंत ५,१२७ प्रोटोटाइप बनवले म्हणतात, तुम्ही एक बनवता आणि त्याला फायनल म्हणता.

आणि गाडी टेम्पोत घालून आग्रा रोडने धुळे-सेंधवा मार्गे पीथमपूरला नेता तेव्हा तिला चाकांना बांधा, केजला दोरी ओढून सस्पेन्शन दाबून ठेवू नका. तीनशे-चारशे किलोमीटर दाबलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मग तिकडे पोचल्यावर म्हणायचं राइड हाइट बदलली.

प्रश्न: माझा मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाडी बनवतात म्हणून रात्री दोन-दोन वाजता घरी येतो, दोन विषय राहिलेत, वर टीमला बारा हजार भरले. ओरडलं की म्हणतो, "आई तुला नाही कळणार." याचा खरंच काही उपयोग असतो का हो? (पंचवटी)

उत्तर: ताई, उपयोग असतो पण सगळ्यांना सारखा नसतो. या टीममध्ये पंचवीस-तीस पोरं असतात, त्यातली आठ-दहा खरं काम करतात, बाकीची टी-शर्ट घालून फोटोत. तुमचा कोणत्यात आहे ते ओळखायला तुम्हाला इंजिनिअरिंग कळायची गरज नाही. जेवायला बसला की विचारा, "त्या गाडीतला तुझा पार्ट कोणता, कागदावर काढून दाखव." काढून दाखवला, कुठे लागतो, का तसा केला, कशाचा बनवला सांगत बसला आणि पोळी गार झाली, तर काळजी करू नका, पोरगं शिकतंय. "मी सगळ्यातच असतो" म्हणाला तर बारा हजार गेले समजा.

राहिलेल्या विषयांचं मात्र ऐकून घेऊ नका. केटी घेऊन प्लेसमेंटला बसूच देत नाहीत अशा कंपन्या भरपूर आहेत, मग गाडीची गोष्ट सांगणार कोणाला? तिसऱ्या वर्षी एकदा मनापासून करावं, चौथ्या वर्षी ज्युनियरना शिकवून बाजूला व्हावं, असं माझं मत. आणि एक गोष्ट आई म्हणून जरूर विचारा, रात्री ग्राइंडर चालवताना गार्ड लावतो का आणि चष्मा घालतो का. रात्री एकनंतर झोपेत असलेल्या पोराने ग्राइंडर हातात घेऊच नये, माझ्या युनिटमध्ये मी वेल्डरला सुद्धा देत नाही. तुम्हाला कळणार नाही म्हणतो ना, हे तरी कळतं म्हणा.

प्रश्न: सर, स्पॉन्सरशिपसाठी अंबड आणि सातपूरच्या कमीत कमी तीस कंपन्या फिरलो. सगळीकडे "मेल टाका" म्हणतात. एका ठिकाणी गेटवरच दोन तास बसवलं. काय चुकतंय? (आडगाव)

उत्तर: पैसे मागताय हे चुकतंय. लहान युनिटवाल्याकडे पन्नास हजार रोख द्यायला नसतात, पण संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर तासभर रिकामं मशीन असतं, कोपऱ्यात पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा असतो, आणि चाळीस वर्षं लेथवर घातलेला एखादा मिस्त्री असतो. ते मागा. "साहेब आम्हाला दोन हब टर्न करून हवेत, मटेरियल आमचं, ड्रॉइंग हे" असं म्हणालात तर माणूस निदान ड्रॉइंग बघायला हात पुढे करतो. तीस पानी ब्रोशर कोणी उघडत नाही, त्यात गोल्ड स्पॉन्सर सिल्व्हर स्पॉन्सर असे तक्ते असतात, आमच्यातल्या अर्ध्यांना तर कळतच नाही सिल्व्हरमध्ये काय मिळणार. मार्चमध्ये अजिबात जाऊ नका, इयर एंडिंगला माणूस स्वतःच्या जावयाला ओळखत नाही.

आणि ड्रॉइंग नीट न्या. पोरं आणतात त्या ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला प्लस मायनस ०.०१ लिहिलेलं असतं, कॅडमध्ये डिफॉल्ट आलं म्हणून. बेअरिंग बसतं तिथे टॉलरन्स लागतोच, तिथे चुकवू नका, पण ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडेला शंभरावा भाग कशाला? बघणारा मनात म्हणतो यांना काही कळत नाही, किंवा खरंच तेवढं धरून करतो आणि मग बिल बघून तुम्हाला चक्कर. एक पीस करायला सुद्धा सेटिंगला तेवढाच वेळ जातो जेवढा पन्नास पीसला, म्हणून "एकच तर पीस आहे" असं मशीनवाल्याला कधीही म्हणू नये, तो तोंडावर हसेल आणि तुमचं काम सगळ्यात खाली ठेवेल.

माझीच फजिती सांगतो. एका टीमला नकल मशिनिंग करून दिले होते, फुकट, मोठ्या हौसेने. ड्रॉइंग एकच होतं, खाली लिहिलेलं नग दोन. आम्ही दोन केले. दोन्ही डाव्या चाकाचे! त्यांनी मिरर काढायचं विसरलं, मी विचारायचं विसरलो, आणि व्हीएमसीवरून सकाळी सुंदर चकचकीत दोन डावे नकल उतरले. स्टीअरिंग आर्म एकाचा पुढे एकाचा मागे. दुसरा ब्लॉक आणायला चार दिवस गेले. तेव्हापासून माझ्याकडे कोणी डावं-उजवं न लिहिता ड्रॉइंग आणलं की परत पाठवतो, पोरांना वाटतं म्हातारा खडूस आहे.

टेस्टिंग किंवा मोजमापाचं काम असेल तर अंबडच्या नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरमध्ये चौकशी करा, दर विचारा, कॉलेजचं पत्र घेऊन जा.

प्रश्न: आमच्या घरी कांद्याची चाळ आहे. हॅकेथॉनसाठी चाळीतलं तापमान आणि दमटपणा मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवलंय, ईएसपी३२ (वायफायवाला लहान बोर्ड) आणि डीएचटी११ (तापमान-दमटपणाचा सेन्सर). टेबलवर मस्त चालतं, चाळीत लावलं की कधी बंद पडतं कधी आकडे गोठतात. बाबा हसतात. (निफाड)

उत्तर: बाबांना हसू दे, टेबल सोडून चाळीत नेलंस हेच बऱ्याच टीम करत नाहीत.

एकेक बघू. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर आधी काढ, चाळीत पोती आपटतात, उंदीर फिरतात, वारा असतो, जंपर हलतोच. झिरो पीसीबीवर सोल्डर कर आणि वायरला सिलिकॉनचा ठिपका. बंद पडण्याचं कारण बहुतेक पॉवर आहे, वायफायने डेटा पाठवताना ईएसपी३२ क्षणभर काही शे मिलीअँपिअर ओढतो, लांब बारीक केबल किंवा स्वस्त चार्जर असला की व्होल्टेज बसतं आणि तो रीसेट होतो. बोर्डाजवळ एक मोठा कपॅसिटर टाक, ४७० मायक्रोफॅरडचा, आणि केबल जाड घे. तू लिहिलंयस की वासाचा गॅस सेन्सर पण जोडलास आणि तो वायफाय चालू असताना वेडा आकडा देतो, तर बघ तो कोणत्या पिनवर आहे. ईएसपी३२ मधला दुसरा एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) वायफाय चालू असताना वापरता येत नाही, पहिल्या एडीसीच्या पिनवर घे, ३२ ते ३९ मधल्या. शिवाय हा बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे, गॅस सेन्सरचं आउटपुट ५ व्होल्टपर्यंत जात असेल तर दोन रेझिस्टर लावून खाली आण नाहीतर पिन जाईल.

आता खरा मुद्दा. डीएचटी११ दमटपणात ५ टक्के इकडेतिकडे असतो. कांदा साठवायला आपल्याकडे साधारण ६५ ते ७० टक्के दमटपणा चांगला मानतात, म्हणजे तुझी सगळी पट्टीच ५ टक्क्यांची आणि सेन्सरची चूकही ५ टक्के. हे म्हणजे सोनं तोलायला भंगारवाल्याचा काटा. डीएचटी२२ घे किंवा त्याहून बरा, आणि एक नको, तीन घे, तळाला, मधे, वर, कारण चाळीत कांदा सडतो तो कोपऱ्यात, आणि तू मोजतोस दारात. मोबाइलवर आकडा दाखवून बाबा काय करणार तेही विचार. त्यांना ७३ टक्के कळून उपयोग नाही, "मागच्या बाजूचा ढीग उद्या हलवा" हे कळलं तर उपयोग. सादरीकरणाच्या आधी पावसाळ्यातले पंधरा दिवस तरी चाळीत ठेव, आणि बाबा रोज हाताने वासाने काय सांगतात ते पण वहीत लिही, मग दोन्ही जुळवून बघ. यंत्र चुकलं तर चुकलं म्हणून सांग जजला, त्याला तेच ऐकायचं असतं.

प्रश्न: स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला टीममध्ये एक तरी मुलगी लागते म्हणून मला घेतलंय. पीपीटी मी करायची, बाकी सगळं ते. विषय कुंभमेळ्यातली गर्दी मोजणं. मला कोडिंग येतं. काय करू? (गंगापूर रोड)

उत्तर: सहा जणांत किमान एक मुलगी हा नियम आहे, पण पीपीटी तिनेच करायची असं कुठल्या नियमात लिहिलंय ते टीम लीडरला विचार. भांडू नको, काम उचल. त्या प्रोजेक्टमधला जो भाग कोणालाच नकोसा असतो तो घे, आणि गर्दीच्या प्रोजेक्टमध्ये तो भाग असतो प्रत्यक्ष जागेवर जाणं.

पाच मुलं कॅमेरा आणि एआय करत बसली असतील, खरं ना? तू एका सणाच्या किंवा अमावस्येच्या सकाळी रामकुंडावर जा, रविवार कारंज्यापासून चालत जा, आणि बघ लोक कुठे अडकतात. अरुंद बोळ, उतार, पायऱ्या, चपला काढायला थांबणारे, हरवलेल्या म्हातारीला शोधणारे. २००३ च्या सिंहस्थात आपल्याकडे चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, ऑगस्टची गोष्ट, माझ्या वयाच्या कोणत्याही नाशिककराला विचार, तो कुठे होता ते सांगेल. २०१५ च्या कुंभाच्या वेळी अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबच्या रमेश रासकरांच्या पुढाकाराने कुंभथॉन, म्हणजे कुंभासाठीचं हॅकेथॉन, झाला होता, रासकर मूळचे नाशिकचेच, आणि त्यात नाशिकच्या एका शाळकरी मुलाने पायाखालची चटई बनवली, वरून माणूस गेला की दाब मोजून पावलं मोजणारी. शाळकरी मुलगा! ना कॅमेरा ना एआय. मला ती आवडते कारण ती अंधारात चालते, पावसात चालते, छत्र्या उघडल्या तरी चालते. तुमचा कॅमेरा श्रावणात छत्र्या मोजणार.

अजून एक, लाखो माणसं जमली की मोबाइल नेटवर्क बसतं, नेमकं तेव्हा तुमचं अ‍ॅप अलर्ट पाठवणार कशावरून? लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा कमी विजेचा रेडिओ, बघ, भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात कमी पॉवरला लायसन्स लागत नाही, डेटा थोडाच जातो पण "इथे मिनिटाला किती" एवढा एक आकडा पाठवायला भरपूर झाला. हा भाग तू लिही. पुढचं सिंहस्थ, २०२७ चं, तोंडावर आलंय, रामकुंडावरचे तुझे फोटो आणि मोजणी जजसमोर ठेवलीस की प्रश्न तुलाच विचारतील. पीपीटी मग लीडरला करू दे, अक्षरं रंगवायला त्यालाही येत असेलच.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीसाठी लिथियमचा पॅक हॉस्टेलवर स्वतः बनवावा का? यूट्यूबवर सोपं दिसतं. (म्हसरूळ)

उत्तर: हॉस्टेलवर नाही, म्हणजे नाही. तयार पॅक घ्या, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आणि फ्यूज असलेला, बिलासकट. त्यावर काम करताना हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा, पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, एकट्याने काम करू नका. आणि ६० व्होल्टच्या वर गेलात तर ते खेळणं राहत नाही. यूट्यूबवाला आग लागलेला व्हिडिओ टाकत नाही.

प्रश्न: मी नववीत आहे. मला पण गाडी बनवायची आहे पण आमच्या शाळेत असं काही नाही. तुमचं वर्कशॉप बघायला येऊ का? (सिडको)

उत्तर: ये की. आईला किंवा बाबांना घेऊन ये, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर, तेव्हा मशीनवर जरा निवांत असतं. पायात बूट पाहिजेत, सँडल नाही, केस घट्ट बांधून, ओढणी घरी ठेवून. लेथजवळ गेलीस की हात मागे. वही आण, जे बघशील त्याचं चित्र काढ, नाव येत नसलं तरी चालेल, नावं आमचे मिस्त्री सांगतील, ते सांगायला लागले की थांबत नाहीत म्हणा. आणि घरात बंद पडलेला मिक्सर किंवा पंखा असेल तर तो पिशवीत घालून आण, आधी आपण तो उघडू.